डॉ. हॅस्कल समग्र वाङ्मय : खंड तिसरा

पॉटर्स फॉर्ड, व्हरमाँट
९ मार्च १८७४

प्रिय थिओडोशिया आत्या,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहायला तीन आठवडे उशीर झाला हे मीच आधी कबूल करून टाकतो, म्हणजे तुझ्या उत्तरातली पहिली ओळ वाचेल. रोज सकाळी लिहायचं ठरवत होतो. पण इकडे मेपलच्या झाडांतून साखरेसाठी रस काढायचा हंगाम सुरू झालाय, आणि ज्या घरी मी घोटभर पाणी मागायला थांबलो त्या घरमालकाचा नेमका हात मोडलेला. मग रसाच्या बादल्या कोण उचलणार? दोन दिवस म्हणता म्हणता पंधरा झाले. रस उकळताना कढईवर खारवलेल्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवतात. फेस वर आला की चरबीला लागून खाली बसतो, रस उतू जात नाही. तुला ठाऊक होतं हे? शाळेत मी शेवटपर्यंत टिकलो असतो तरी कुणी शिकवलं नसतं.

असो. तू सात जणांची यादी दिलीस, आजोबांची पत्रं ज्यांच्याकडे असतील अशांची. त्यांतले दोघे झाले.

पहिले पाद्रीबुवा. त्यांच्याकडे आजोबांची तीस पत्रं होती, पण ती त्यांनी थंडीत ऊब म्हणून मधमाश्यांच्या पेट्यांना आतून चिकटवलीत. पेटी उघडून बघू का, असं विचारलं तर म्हणाले, "बघ की. माझी काही हरकत नाही. त्यांची असली तर मला ठाऊक नाही." त्यांची होती. माझा उजवा कान सध्या डाव्याच्या दुप्पट आहे.

दुसरा ओबडाया क्रेन. आजोबा चालवत त्या वेड्यांच्या इस्पितळात नऊ वर्षं काढली, आता चौदा वर्षं अगदी धडधाकट आहे, लाकडी पिंपं बनवतो. मी विचारलं, "डॉक्टर हॅस्कलांची पत्रं आहेत का तुमच्याकडे?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"डॉक्टरांचं एकही नाही. ॲडमिरलची आहेत. एक्केचाळीस."

मग त्याने हात धुतले, पुसले, आणि निळ्या फितीत बांधलेला गठ्ठा काढला. आत्या, अक्षर आजोबांचं आहे. त्या लांबलचक आडव्या रेघा, तू ज्यांना कुंपण म्हणतेस, त्या सगळ्या जागच्या जागी. एका पत्राची नक्कल पाठवतोय :

"कमांडर क्रेन यांस. आपला अर्ज पोचला. बाल्टिक समुद्रातील चौदा जहाजे आपल्या ताब्यात देण्यास आमची हरकत नाही. परंतु जो अधिकारी स्वयंपाकीण बाईंच्या अंगावर वाडगा फेकतो, त्यास जहाज देण्याची आमच्या आरमारात पद्धत नाही. सबब बाईंची माफी मागावी, रोज आठ तास झोप घ्यावी, आणि बारा पिंपे पुरी करून कळवावे. आपला, ॲडमिरल, रशियन आरमार. ता. क. खोकला कसा आहे?"

हे खंड तिसऱ्यात घ्यायचं का? मला तर पहिल्या दोन्ही खंडांपेक्षा हेच आवडलं. अर्थात पहिले दोन मी वाचलेले नाहीत.

तुझा,
ओरेन


कॉर्बिन हिल
१६ मार्च १८७४

चि. ओरेन यास,

अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे कानासाठी. त्यावर कांदा चोळ.

क्रेनकडची पत्रं माझ्या वडिलांची नाहीत. लांब रेघा ओढणारी माणसं व्हरमाँटमध्ये पैशाला पासरी आहेत. आणि खंड न वाचता त्यांवर मत द्यायची तुझी जी सवय आहे ती तुझ्या बापाची. माझा भाऊ असला तरी सांगते.

तू पाच मिनिटं एका जागी बसशील असं समजून लिहिते. टेकडीवरच्या इस्पितळात बाबांच्या जागी आता डॉक्टर स्प्रेग आहेत. त्यांनी विश्वस्तांना सांगितलंय की बाबा मवाळ होते, त्यांनी रुग्णांचे लाड केले, आणि एकतीस वर्षांत शिस्त म्हणून काही ठेवली नाही. दिवाणखान्यातली बाबांची तसबीर काढून त्यांनी ती कपडे धुण्याच्या खोलीत लावली. तिथे जागा रिकामी होती म्हणे. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे हे तीन खंड. बाबांचं सगळं लेखन तीन वर्षं मी हाताने उतरवून काढलंय. इस्पितळाने ते छापायचं की नाही हे विश्वस्त येत्या २४ एप्रिलला ठरवणार आहेत. नाही म्हणाले तर स्प्रेग सांगतील तेवढेच बाबा उरतील.

आणि या तिन्ही खंडांचा डोलारा एका वाक्यावर उभा आहे. पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर ते आहे, आणि बाबांनी ते आयुष्यभर पाळलं : "रुग्णाशी कधीही, कोणत्याही कारणासाठी, खोटे बोलू नये."

त्याच्या शेजारी तुझा रशियन ॲडमिरल बसव, आणि स्प्रेग काय म्हणतील ते मला कळव.

पत्रं मागून घे. कुणाला दाखवू नकोस. नक्कल मी जाळली.

तुझी आत्या,
थिओडोशिया

ता. क. खोकल्याचं त्या पत्रात खरंच आहे, की तू घातलंस?


लाँग मेडो
१ एप्रिल १८७४

प्रिय आत्या,

खोकल्याचं खरंच आहे. मला सुचलं नसतं.

या वेळचा उशीर माझा नाही. विजेपासून घर वाचवायच्या लोखंडी काठ्या विकणारा एक गृहस्थ रस्त्यात भेटला. बोलायला इतका गोड की मी त्याच्याबरोबर तीन गावं उलट्या दिशेला चाललो. त्याच्या स्वतःच्या घरावर दोनदा वीज पडलीय. दुसऱ्यांदा का पडली याचं त्याने दिलेलं कारण मला पटलं होतं, आता आठवत नाही.

तर मी क्रेनकडे परत गेलो. पत्रं मागायची म्हणजे आधी खरं सांगायला हवं, असं मला वाटलं. तुझं ते पहिल्या पानावरचं वाक्य डोक्यात होतं. म्हटलं, "क्रेनकाका, एक सांगायचंय. जरा बसता का?"

"उभ्याने ऐकू येतं मला."

"ही पत्रं कुणा ॲडमिरलची नाहीत. आमच्या आजोबांनी लिहिलीत."

त्याची हातोडी थांबलीसुद्धा नाही. "मग? मला काय आंधळा समजलास?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या पत्रापासून. माझा खोकला रशियात कसा ऐकू गेला? आणि औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीला नि ॲडमिरलला एकच शाई, एकाच वासाची."

"मग बोलला का नाहीत?"

आत्या, तेव्हा कुठे त्याने हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच कुणाच्या अंगावर वाडगा फेकलाय.

"दुपारचं जेवण झालं की म्हातारा खिडकीशी बसून अर्धा तास लिहायचा. मध्येच स्वतःशी हसायचा. ते बघून तू बोलला असतास? आम्ही वॉर्डातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं, डॉक्टरांना कुणी दुखवायचं नाही. माणूस रात्रंदिवस आमच्यात राहणार, मग थोडंफार व्हायचंच."

"काय व्हायचं? कुणाला?"

"त्यांना रे. साधंच होतं. कुणाला त्रास नव्हता."

मी विचारलं, "पण तुम्ही तर जहाजं मागत राहिलात?"

"एकदम थांबवलं असतं तर धक्का नसता बसला त्यांना? म्हणून बेताबेताने कमी केलं. चौदाची नऊ केली, नवाची चार. शेवटी एक होडी मागितली. तेव्हा ॲडमिरलने लिहिलं, होडी मंजूर, आता घरी जा."

"म्हणजे तुम्हाला कधीच जहाजं नको होती?"

तो पुन्हा हातोडी मारायला लागला. बराच वेळ मारत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या पत्राच्या वेळी हवी होती. चौदाच्या चौदा."

पत्रं त्याने दिली. मोजून दिली आणि मोजून परत घेणार आहे.

तिसरं नाव फिल्यूरा टटल. म्हातारी लेकीच्या घरी राहते. दार वाजवलं तर खिडकी दोन बोटं उघडली.

"टोप्या विकतोस का?"

"नाही आजी, मी डॉक्टर हॅस्कलांचा नातू."

खिडकी बंद. मी उभाच. पुन्हा उघडली.

"गावभर ओरडू नकोस. टेकडीवरची ती चार वर्षं मी बॉस्टनला बहिणीकडे होते, असं माझ्या जावयाला वाटतं. सगळ्या गावाला तसंच वाटतं. जावई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो."

"आजोबांची पत्रं—"

"जाळली."

"सगळी?"

"तू अजून उभा का आहेस?"

मी का उभा आहे ते सांगितलं. तुझे तीन खंड, २४ तारीख, सकाळी अकराची बैठक, स्प्रेग काय म्हणतात, सगळं. तसबिरीची गोष्ट निघाली तेव्हा खिडकी आणखी बोटभर उघडली. "कपडे धुण्याच्या खोलीत?" एवढंच म्हणाली, आणि लावून घेतली. थोड्या वेळाने दुसऱ्या खिडकीतून आल्याच्या केकचा तुकडा बाहेर आला. बरा होता. जरा कोरडा.

उरलेल्या चौघांपैकी दोघे वारले आहेत, एक ओहायोला गेला आणि एकाने कुत्रा सोडला.

ओरेन


कॉर्बिन हिल
८ एप्रिल १८७४

चि. ओरेन,

हे पत्र मी अंथरुणावरून लिहितेय. माळ्यावरच्या शिडीवरून पडले. घोट्याला मार आहे. इथले डॉक्टर तीन आठवडे पाय टेकू नका म्हणतात.

माळ्यावर का गेले होते ते तुला सांगायला हवं. तू भटक्या असशील, पण लपवालपवी करत नाहीस. ती मी केली.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या खोलीत दोन पेट्या होत्या. एकीत त्यांचे लेख आणि अहवाल. दुसरीत रुग्णांची पत्रं. त्या काळी रुग्णांनी राजांना, सेनापतींना, देवदूतांना लिहिलेली पत्रं टपालात टाकायची पद्धत नव्हती. ती सुपरिंटेंडंटच्या टेबलावर जमायची आणि तिथेच राहायची. दुसऱ्या गावी लोक ती चुलीत घालत. बाबांनी जपून ठेवली होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर उत्तराचा कच्चा खर्डा होता. बाबांच्या अक्षरात. मी चार-पाच वाचली, झाकण लावलं आणि पेटी माळ्यावर टाकली. मला वाटलं, बाबा शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाले होते आणि आम्हा कुणाला कळलं नाही. तीन वर्षं मी हवा खेळवण्यावरचे आणि मोऱ्यांच्या उतारावरचे लेख उतरवत बसले ते बरंचसं यासाठी, की ती पेटी पुन्हा उघडायला लागू नये.

आणि आता तू कळवतोस की वॉर्डातल्या लोकांनाही तेच वाटत होतं. हे वाचून मला बरं वाटेल असं तुला कशावरून वाटलं?

पण मग झोपच लागेना. तेव्हा टटलबाईंची पत्रं शोधायला वर गेले. मिळाली. बाईंनी समुद्राच्या गव्हर्नरकडे तक्रार केलीय की भरती दिवसातून दोनदा येते, एकदा पुरेशी आहे, आणि दुसरीचा आवाज झोपेच्या वेळी होतो. व्हरमाँटपासून समुद्र किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. पाठीवर बाबांचं उत्तर : "बाईसाहेब, भरतीचा निर्णय चंद्राच्या संमतीवाचून घेता येत नाही, आणि चंद्राच्या कचेरीतून सहा महिने उत्तर नाही. तोवर आपण दुपारी दूध घ्यावे आणि खिडकी पूर्वेची बंद ठेवावी. दुसऱ्या भरतीस आम्ही पाय न वाजवता येण्याची ताकीद दिली आहे."

हे मी शिडी उतरता उतरता वाचलं. तसं करू नये.

खाली पडल्यावर मी पहिल्यांदा हसले. मग ओरडले. हसणं मात्र आधी आलं. बाबा गेल्यापासूनचं पहिलंच.

पण हसणं वेगळं आणि छापणं वेगळं. म्हणून आता नीट ऐक. २४ तारखेला मी जाऊ शकत नाही. तुला जावं लागेल. देवाने मला दुसरा भाचा दिला नाही. पहिले दोन खंड विश्वस्तांकडे आधीच पोचलेत, खंड तिसऱ्याचं बाड सोबत पाठवतेय : हवा खेळवणे, मोऱ्या, गाद्यांतला पेंढा. जज्ज व्हीलॉकसाहेब अध्यक्ष आहेत, सज्जन आहेत, त्यांच्यापुढे ठेव, अदबीने उभा राहा, आणि तोंड उघडू नकोस. ॲडमिरल नको, गव्हर्नर नको. वडिलांच्या मुलीने वडिलांच्या पहिल्या पानाला स्वतःच्या हाताने खोटं पाडावं, हे मला जमणार नाही.

आणि आंघोळ करून जा.

थिओडोशिया


कॉर्बिन हिल, इस्पितळाचा वऱ्हांडा
२४ एप्रिल १८७४

प्रिय आत्या,

मी तुझ्यापासून मैलभरावर बसलोय आणि तरी पत्र लिहितोय, कारण हे तोंडाने सांगताना मी काहीतरी गाळीन, आणि तू घोटा धरून का होईना उठशील. कागद 'हवा खेळवणे' पान ६१ चा मागचा आहे. माफ कर. दुसरा नव्हता.

आंघोळ केली होती.

वाटेत मी क्रेनकडे वाकडी वाट करून गेलो होतो हे तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, काका, चला माझ्याबरोबर, जज्जांना सांगा. तो म्हणाला, "त्या टेकडीच्या रस्त्यावरून मी आजवर एकदाच राजीखुशीने चाललोय. उतरताना." पत्रं मात्र त्याने आणखी एक महिना राहू दिली. ती माझ्या कोटात होती. तू आणू नकोस म्हणाली नव्हतीस, दाखवू नकोस म्हणाली होतीस.

अकराला आत बोलावलं. जज्ज व्हीलॉक मध्ये, दोन्ही बाजूंना विश्वस्त, टोकाला डॉक्टर स्प्रेग. नखं फार स्वच्छ आहेत त्यांची. मी बाड ठेवलं आणि गप्प उभा राहिलो. जज्जांनी 'मोऱ्या' उघडलं, तीन पानं चाळली, आणि चौथ्यावर त्यांची हनुवटी कॉलरमध्ये गेली. स्प्रेग हळूच म्हणाले, "पाहिलंत ना? म्हातारबुवा म्हणजे खिडक्या नि गटारं. त्यासाठी तीन खंड कशाला? त्यांची तसबीर योग्य त्याच खोलीत आहे."

आत्या, मी तोंड उघडलं. तिथवर धरलं होतं, खरंच.

कमांडर क्रेनचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. वाडग्यापाशी जज्ज जागे झाले. बारा पिंपांपाशी हसले. 'खोकला कसा आहे' ला त्यांनी रुमाल काढला, कशासाठी ते मी बघितलं नाही. म्हणाले, "हे हॅस्कलचं? हे का नाही दिलंत आधी?" मग मी वाचतच सुटलो. चौदाची नऊ, नवाची चार, होडी.

स्प्रेग शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खंड पहिला उघडला, आणि ते वाक्य वाचलं. तू म्हणाली होतीस तेच. "रुग्णाशी कधीही, कोणत्याही कारणासाठी, खोटे बोलू नये. आता मला एवढंच सांगा, डॉक्टर हॅस्कल पहिल्या खंडात खरे होते की तिसऱ्यात? कारण दोन्हीकडे खरा असणारा माणूस मला दिसत नाही. बिचाऱ्या आजारी लोकांना नऊ-नऊ वर्षं फसवलं यांनी."

"फसवलं नाही," मी म्हणालो. "त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना. तेच आजोबांना सांभाळून घेत होते."

"कोण म्हणतं?"

"क्रेनकाका."

"आलेत का ते?"

"नाही."

"मग तुम्ही म्हणता," स्प्रेग म्हणाले, आणि माझ्या बुटांकडे बघितलं.

जज्जांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पोरा, मला तुझं पटावंसं वाटतंय. पण त्या वॉर्डातलं एक तरी माणूस माझ्यासमोर उभं राहून 'मी फसलो नाही' असं म्हणालं पाहिजे. नाहीतर डॉक्टर स्प्रेग यांना उत्तर नाही, आणि माझा कौल त्यांच्या बाजूने जाईल. जेवणाच्या आधी मत घेऊ. तू बाहेर थांब."

म्हणून मी बाहेर आहे.

मला क्षमा कर. तू सांगितलंस तसं गप्प राहिलो असतो तर निदान मोऱ्या तरी छापून आल्या असत्या. आता तेही गेलं, आणि पहिलं पानही मीच खोटं पाडून आलो. तीन वर्षांचं तुझं काम मी पाऊण तासात बुडवलं. मगाशी धुण्याच्या खोलीत डोकावून आलो. आजोबा ओल्या चादरींकडे बघतायत. काचेच्या आत वाफ धरलीय, पण चेहरा खुशीत दिसला. क्रेनकाका म्हणतो तसा, जेवण झाल्यावरचा.

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय. मत घेतायत बहुतेक.

थांब, फाटकातून एक गाडी आत येतेय. दोन घोडे, तोंडाला फेस. हाकणारा माणूस चर्चला जाताना घालायच्या काळ्या कोटात आहे, मानेपर्यंत लाल. शेजारी एक म्हातारी.

आत्या, टटलआजी आहे.

मी धावत जाऊन हात दिला. तिने तो घेतला नाही, छत्री दिली.

"आजी, तुम्ही इथे? आणि हे—"

"जावई. काल रात्रीच्या जेवणाला सांगितलं त्याला, बॉस्टनला बहीण नाही म्हणून. वीस मैलांत एक शब्द बोलला नाही. घोडे मात्र चांगले पिटाळले. जज्ज कुठल्या खोलीत आहेत?"

"पण तुम्ही तर पत्रं जाळलीत म्हणालात. आणि आत स्प्रेग आजोबांना खोटारडा ठरवतायत."

"म्हणाले. मी खोटं उत्तम बोलते. चार वर्षं डॉक्टरांशी बोलले, त्यांना कधी संशय आला नाही." तिने पिशवीवर थोपटलं. पिशवी भरलेली आहे. "भरती कमी झाली म्हणून कळवलं तेव्हा काय आनंद झाला होता त्या माणसाला. आता त्यांना कोण खोटारडा म्हणतंय, तो मला बघायचाय."

आता ती वऱ्हांड्यातल्या आरशात टोपी सरळ करतेय, तेवढ्यात हे लिहितोय. जावई घोडे बांधून आला आणि तिच्या मागे उभा राहिलाय, टोपी हातात धरून. मी विचारलं, आत जाऊन कोण आलंय म्हणून सांगू?

ती म्हणाली, "पुरतं नाव सांग. फिल्यूरा टटल, वॉर्ड तीन, अठराशे बावन्न ते छप्पन."